प्रवासखर्चाची वही

२०२५ साली मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने आम्हाला चार दिवस विश्रांतीसाठी दिवेआगरला नेले. उपवासकाळ, पवित्र सप्ताह आणि ईस्टर यांची धावपळ संपली होती. ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, २१ एप्रिलला, पोप फ्रान्सिस प्रभुचरणी विलीन झाले, तेव्हा शोकसभा आणि मिस्साबलिदाने यांतही काही दिवस गेले. शरीर थकले होते. त्यामुळे आम्ही फारसे आढेवेढे घेतले नाहीत. मुरूडवरून आगरदांड्याला आलो, फेरीबोटीने खाडी ओलांडून दिघीला उतरलो आणि थोड्याच वेळात सुपारीच्या वाड्यांची गार सावली लागली.

दिवेआगर हे गाव लहान, पण त्याची स्मृती मोठी आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील येथील ताम्रपट मराठीतील अतिशय जुन्या लेखांत गणला जातो. आम्ही ज्यांच्या वाडीत उतरलो होतो ते तात्या मात्र ताम्रपटाविषयी न बोलता ३ जून २०२० या तारखेविषयी बोलत. त्या दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले आणि त्यांच्या वाडीतील बहुतेक सुपाऱ्या दुपारपर्यंत आडव्या झाल्या. नवीन लावलेली रोपे आता माणसापेक्षा उंच झाली होती, परंतु भरघोस पिकाला अजून अवकाश होता.

या सहलीमागे यजमानांचा एक हेतू होता, हे आम्हाला पहिल्या संध्याकाळी कळले. त्यांची थोरली मुलगी इतिहास विषय घेऊन एम. ए. ची अखेरची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. नोकरी धरण्यापूर्वी तिला एकटीने परदेशी जाऊन यायचे होते. शिकत असताना शिकवण्या घेऊन तिने ४८,००० रुपये साठविले होते आणि त्यातच सारे बसवायचे, असा तिचा निर्धार होता. देश तिने निवडला होता श्रीलंका.

“फादर, आता तुम्हीच सांगा तिला,” तिचे वडील म्हणाले. “आमचे ती ऐकायची नाही.”

हे गृहस्थ अकरा वर्षे आखातात नोकरीला होते. तेवढ्या काळात त्यांनी पाहिले ते कामगारांचे निवासस्थान, कामाची जागा आणि विमानतळ. दर महिन्याला पैसे घरी येत. त्या पैशांतून घर झाले, मुलींची शिक्षणे झाली. आपल्या कितीतरी कुटुंबांची हीच कहाणी आहे. जहाजावर म्हणा, आखातात म्हणा, आपली माणसे परदेशी गेली ती मिळवायला. परदेशी जाऊन पैसे घालवायचे, तेही एका मुलीने आणि एकटीने, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते.

आम्ही त्यांचीच बाजू घेतली. दिवस कसे आहेत, एकट्या मुलीला किती जपावे लागते, आधी नोकरी आणि मग हौस, असे जे जे सांगायचे ते सांगून झाले. मुलीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “फादर, तुम्ही कँडीला गेला आहात?”

आम्ही निरुत्तर झालो. आमचे धर्मशिक्षण पुण्याच्या पेपल सेमिनरीत झाले. ही सेमिनरी मूळची श्रीलंकेतील कँडीची. १९५५ साली ती पुण्यास आली. तेथील जुन्या गोष्टी ऐकत आम्ही घडलो. पुढे १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोमध्ये जोसेफ वाझ यांना संतपद दिले, त्या वेळी आमच्या सोबतीच्या काही धर्मगुरूंनी जाण्याचे ठरविले व आम्हालाही विचारले. आम्ही धर्मग्रामातील कामांचे कारण पुढे केले. कामे होती, पण ती दुसऱ्या कोणी केली असती. खरे म्हणजे परक्या देशाची, परक्या भाषेची आणि खर्चाची आम्हाला धास्ती वाटली होती. दहा वर्षांपूर्वीची तीच धास्ती त्या संध्याकाळी आम्ही काळजी म्हणून त्या मुलीच्या पदरात घालीत होतो.

रात्री झोप लागेना, तेव्हा दोन माणसे आठवत राहिली. दोघांचेही नाते गोव्यातील सांकवाळ गावाशी. पहिले संत जोसेफ वाझ. त्यांचे वडील सांकवाळचे, त्यांचे स्वतःचे बालपणही तेथेच गेले. डच सत्तेखाली पिचलेल्या कॅथलिकांसाठी धर्मगुरू उरला नाही, म्हणून १६८७ साली ते मजुराच्या वेषात जाफन्याला उतरले. बरोबर एक सेवक होता, गाठीला काही नव्हते. प्रवासाने ते आजारी पडले आणि अनोळखी लोकांच्या भिक्षेवर जगले. पुढे जवळजवळ दहा वर्षे त्या बेटावर दुसरा धर्मगुरू त्यांच्या सोबतीला नव्हता.

दुसरे धर्मानंद कोसंबी. १८७६ साली सांकवाळला जन्मलेले हे गृहस्थ १८९९ मध्ये ज्ञानासाठी घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर करीत काशीला पोहोचले, तेथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, नेपाळला गेले आणि १९०२ साली श्रीलंकेत जाऊन पाली ग्रंथांचे अध्ययन करू लागले. आपली हकिकत त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात सांगितली आहे.

या दोघांच्या अल्पखर्ची प्रवासाचे कौतुक करणे सोपे आहे. परंतु प्रवास कितीही स्वस्तात झाला तरी त्याचा खर्च कोणाच्या तरी नावावर पडतोच. वाझ यांचा भार जाफन्याच्या गरीब कुटुंबांनी उचलला. त्यांनी तो आनंदाने उचलला, कारण येणारा त्यांच्यासाठीच आला होता. कोसंबी निघाले तेव्हा मागे तरुण पत्नी आणि लहानगी मुलगी होती. त्या विद्येची थोडी किंमत घरी राहिलेल्या त्या माऊलीनेही मोजली, असे आम्हाला वाटते. म्हणून कमी पैशांत जाणाऱ्याला ‘किती लागतील?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘आपल्या वाटचे कोण भरणार आहे, आणि त्याला आपण विचारले आहे का?’ हेही विचारावे लागते.

सकाळी चहाच्या वेळी आम्ही मुलीला म्हटले, “काल आम्ही जे बोललो ते आमच्या भीतीपोटी बोललो. आता तुझी वही आण. आपण सगळे मिळून पाहू.”

ओटीवर वही उघडली. विमानाऐवजी तमिळनाडूतील नागपट्टणमहून बोटीने जाफन्याजवळील कांकेसंतुरैला जायचे, असा तिचा बेत होता. ही सेवा १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाली, लवकरच थांबली आणि १६ ऑगस्ट २०२४ पासून पुन्हा चालू झाली. भारतातील रेल्वेसाठी तिने ४,००० रुपये धरले होते, बोटीसाठी ९,०००, प्रवेश-परवाना आणि विमा यांसाठी ३,०००. चौदा रात्रींच्या मुक्कामाचे रोजी ९०० प्रमाणे १२,६०० आणि जेवण व फिरणे रोजी ७०० प्रमाणे ९,८००. एकूण ३८,४००. शिल्लक ९,६००.

“ही शिल्लक कशाला?” वडिलांनी प्रथमच तोंड उघडले.

“अशीच, पप्पा. काही आवडले तर.”

“बोट रद्द झाली तर? आजारी पडलीस आणि तडक कोलंबोहून विमानाने यावे लागले तर? हे पैसे त्याचे. आणि ते कमी आहेत.”

अकरा वर्षे परमुलखात काढलेला तो माणूस आता भराभर बोलू लागला. दोन रात्री कमी कर, म्हणाला. तशा त्या केल्या, तेव्हा खर्च ३५,२०० वर आला आणि राखीव रक्कम १२,८०० झाली. पारपत्राच्या दोन प्रती काढ, एक बॅगेत ठेव आणि एक घरी. बोट ज्या दिवशी यायची त्याच दिवशीचे रेल्वेचे तिकीट काढू नकोस, मध्ये एक दिवस मोकळा ठेव. कोलंबोतील भारतीय उच्चायुक्तालय आणि जाफन्यातील भारतीय वाणिज्य दूतावास यांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिही, कारण मोबाइल हरवू शकतो. परवान्याचे नियम आणि शुल्क बदलत असतात. निघण्याच्या आधी श्रीलंका सरकारच्याच संकेतस्थळावर पाहा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. पहिल्या रात्रीची खोली इथूनच ठरव आणि तिथे उजेडी पोहोच.

तात्या सुपारी कातरत हे ऐकत होते. ते म्हणाले, “सगळे पैसे एका जागी ठेवू नको गं. आमची सुपारी गेली तेव्हा आंब्याची चार झाडे उभी राहिली, त्यांनी ते वर्ष काढले.” मुलीने वहीत लिहिले, पैसे तीन ठिकाणी.

शेवटी आईने विचारले, “आणि आमच्या रात्रीच्या झोपेचे काय?” सगळे हसले, पण प्रश्न रास्त होता. घरच्यांची काळजी हादेखील प्रवासाचा खर्चच आहे आणि तो त्यांना न विचारता त्यांच्या नावावर टाकलेला असतो. मुलीने कबूल केले की, रोज रात्री आठच्या आत घरी निरोप येईल आणि मुक्काम बदलला तर आधी कळेल. आमच्या वाट्याला आले एक ओळखपत्र. ही आमच्या धर्मग्रामाची मुलगी आहे, गरज पडल्यास तिला मार्ग दाखवावा, एवढाच मजकूर आम्ही धर्मग्रामाच्या शिक्क्याचा कागद घेऊन पुढे लिहून दिला.

सप्टेंबरमध्ये ती गेली आणि बारा रात्री राहून परत आली. जाफना, तेथून रेल्वेने दक्षिणेकडे, मग कँडी. १९९० साली बंद पडलेला जाफन्याचा लोहमार्ग २०१४ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्या गाडीत एका वृद्ध तमिळ बाईंनी तिला आपल्या डब्यातले जेवण दिले. भाषा दोघींनाही एकमेकींची येत नव्हती. मुलीने आपल्याजवळचा दिवेआगरचा नारळी लाडू त्यांच्या हातावर ठेवला. हे तिने जितक्या आनंदाने सांगितले तितक्या आनंदाने दुसरे काही सांगितले नाही.

राखीव पैशांचे पाकीट तिने न फोडता वडिलांपुढे ठेवले. त्यांनी ते उघडून नोटा मोजल्या, पुन्हा आत घातल्या आणि पाकीट कपाटात ठेवले. रविवारी मिस्सानंतर मात्र ते आमच्यासाठी थांबले.

“फादर, माझे पारपत्र संपून सहा वर्षे झाली,” ते म्हणाले. “नव्याने काढायला पंधराशे रुपये लागतात म्हणे. तुमचे अजून चालू आहे का?”

आमचेही संपलेले आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे मिळून अर्ज भरणार आहोत. वही त्या मुलीकडून मागून घेतली आहे.