शेठचा हुकूम आणि सेल्समनचा फोन

कंपनीच्या माणसांसाठी केलेलं ॲप कंपनीनं थेट त्यांच्या हातात द्यावं, मध्ये कुठलंही स्टोअर नको, असं मी अनेक वर्षं मानत आलो. ग्राहकांनाही तेच सांगत आलो. आज मी त्यांना वेगळा सल्ला देतो. हा बदल का झाला ते नीट मांडावंसं वाटतं, कारण माझ्यासारखी कामं करणारे आणि ती करून घेणारे खूप जण आहेत, आणि यात ज्याचं नुकसान होऊ शकतं तो माणूस सल्लामसलतीला कधीच हजर नसतो.

माझं काम सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी या पट्ट्यातल्या डिस्ट्रिब्यूटरांना अशी ॲप करून देण्याचं. त्यांचे सेल्समन रोज ठरलेल्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या मार्गावर, निघतात, किराणा दुकानांतून ऑर्डर घेतात, उधारी वसूल करतात. त्यांच्या ॲपमध्ये असतं काय, तर दुकानांची यादी, मालाचे भाव, चालू स्कीम आणि कोणाकडे किती बाकी. हे सगळ्या जगासाठी खुल्या असलेल्या ॲप स्टोअरमध्ये मांडायचं कशाला? तिथं कोणीही अनोळखी माणूस ते उतरवून घेतो, लॉगिन होत नाही म्हणून एक तारा देतो आणि निघून जातो. त्यापेक्षा एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप थेट बसवायची फाइल, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की काम झालं. रात्री भाव बदलले तरी सकाळी बीट सुरू होण्याआधी नवं ॲप प्रत्येकाच्या फोनवर.

याच्या मागे एक तत्त्वही होतं. आपला धंदा आपल्या हातात असावा. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेत जे घडलं त्यानं हे तत्त्व माझ्या मनात आणखी पक्कं झालं. मोठ्या कंपन्यांना फक्त आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ॲप वाटता यावं म्हणून ॲपलची एक वेगळी योजना आहे. वर्षाला २९९ डॉलर भरायचे आणि मिळालेल्या प्रमाणपत्रानं ॲपवर सही करायची. फेसबुकनं त्याच प्रमाणपत्राचा वापर करून बाहेरच्या लोकांना, त्यांत अल्पवयीन मुलंही होती, महिन्याला २० डॉलरपर्यंत मोबदला देत त्यांच्या फोनचा वापर टिपणारं ॲप वाटलं. ॲपलनं प्रमाणपत्र रद्द केलं आणि फेसबुकच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांची आयफोनवरची अंतर्गत ॲपही बंद पडली. लगोलग गुगलवरही तीच वेळ आली. दोघांची प्रमाणपत्रं लवकरच परत मिळाली. चूक फेसबुकची होती, यात शंका नाही. पण मला त्यात दिसली ती किल्ली. एक कंपनी दुसऱ्या कंपनीचं घरातलं काम एका आदेशानं थांबवू शकते. म्हणून मी ग्राहकांना सांगायचो, अँड्रॉइड घ्या, एपीके वाटा, किल्ली तुमच्याकडे ठेवा.

हा विचार ज्या फोनसाठी केला होता तो फोन आता राहिलेला नाही. पूर्वी सेल्समनच्या फोनमध्ये कॉल, फोटो आणि गाणी असायची. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि बघता बघता त्याचा पगार, घरचा किराणा, मुलांची फी, गावाकडे पाठवायचे पैसे, सगळं त्याच फोनमधून होऊ लागलं. फोनची किंमत फार बदलली नसेल, पण त्याच्या आत आता अख्खा संसार आहे.

आणि त्याच फोनवर, त्याच व्हॉट्सॲपवर, दुसऱ्या एपीके फाइलीही येऊ लागल्या. आरटीओचं चलन, लग्नाची पत्रिका, वीजबिल, सरकारी योजना, अशी नावं त्यांना असतात. फाइल उघडली की ॲप बसतं, एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि बँकेचा ओटीपी चोराकडे जातो. पोलीस पुन्हा पुन्हा सांगतात की मेसेजमधून आलेली एपीके उघडू नका.

आमचं खरं ॲप बसवण्याच्या पायऱ्या आणि या खोट्या ॲपच्या पायऱ्या मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा माझं मत हललं. त्यांत फरकच नव्हता. फाइल उघडा, फोन धोक्याची सूचना देईल ती ओलांडा, सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्या, इन्स्टॉल करा. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी एकेका ॲपला द्यावी लागते. आमची फाइल व्हॉट्सॲपवर आली तर सेल्समन व्हॉट्सॲपला नवी ॲप बसवण्याची मुभा देतो. ती तो स्वतः बंद करेपर्यंत चालू राहते. आमच्या एका अपडेटसाठी उघडलेलं दार पुढच्या प्रत्येक फाइलसाठी उघडं राहतं.

यावर माझं जुनं उत्तर होतं की आमच्या ॲपवर आमची डिजिटल सही असते आणि वेगळ्या सहीचं अपडेट त्यावर बसूच शकत नाही. हे खरं आहे. पण ते बसलेल्या ॲपचं संरक्षण आहे, माणसाचं नाही. आमचंच नाव आणि चित्र लावलेलं दुसरं ॲप आमच्या शेजारी आरामात बसतं, आणि सही कोणाची हे फाइलकडे बघून सेल्समनला कळत नाही.

यात सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट तांत्रिक नाही. पोलीस म्हणतात उघडू नकोस, शेठ म्हणतो उघड, आपलंच आहे. सेल्समन शेठचं ऐकतो, कारण त्याचा पगार तिथून येतो. धोक्याच्या सूचनेकडे दुर्लक्ष करायची सवय आपण त्याला कामाचा भाग म्हणून लावतो. पुढं त्या सवयीपायी खातं रिकामं झालं तर ते कंपनीचं नसतं, त्याचं असतं. सोय आपली आणि जोखीम त्याची, ही वाटणी मला मान्य नाही.

म्हणून आता मी व्यवस्थापित गुगल प्लेवर, म्हणजे कंपन्यांसाठीच्या प्ले स्टोअरवर, खासगी ॲप ठेवायला सांगतो. आयफोन असतील तर ॲपलच्या व्यवसायांसाठीच्या सेवेतून कस्टम ॲप. दोन्हीकडे ॲप फक्त त्या संस्थेला दिसतं, बाहेरच्याला शोधूनही सापडत नाही. अपडेट आपोआप जातं, व्हॉट्सॲपला कसलीही मुभा द्यावी लागत नाही. फोन सेल्समनचा स्वतःचा असेल तर त्यात वर्क प्रोफाइल करायचं. ही सोय अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून आहे. कामाची ॲप वेगळ्या कप्प्यात राहतात, मालकाला त्याचे फोटो किंवा मेसेज दिसत नाहीत, आणि नोकरी सुटली तर तेवढाच कप्पा पुसला जातो. हे त्याला बसवून समजावून सांगावं लागतं, नाहीतर शेठ आपल्या फोनमध्ये डोकावणार ही भीती जात नाही. याला खर्च येतो, जुन्या फोनवर भार पडतो, सुरुवातीला वेळ जातो. तरी तो खर्च मालकानं करावा, असं मी आता ठामपणे म्हणतो.

किल्लीची काळजी मात्र मी सोडलेली नाही. ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच ॲप प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसतील, असा नियम टप्प्याटप्प्यानं आणण्याचं गुगलनं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं, तेव्हा मी अस्वस्थ झालो. एफ-ड्रॉइडसारखं मुक्त सॉफ्टवेअरचं भांडार २०१० पासून स्टोअरबाहेर चांगलं काम करतं आहे. असे रस्ते खुले राहायलाच हवेत. पण स्वतःच्या फोनवर, स्वतः समजून उमजून बाहेरचं ॲप बसवणं हे स्वातंत्र्य आहे. नोकरी टिकवायची म्हणून दुसऱ्याच्या सांगण्यावरून ते बसवावं लागणं हे स्वातंत्र्य नाही. मी इतकी वर्षं ज्याची बाजू घेत होतो ते मालकाचं स्वातंत्र्य होतं.

आता नवीन ग्राहकाकडे काम सुरू होतं तेव्हा सेल्समनच्या पहिल्या बैठकीत, मालकासमोर, मी एक नियम सांगतो. मेसेजवरून आलेली ॲपची फाइल उघडायची नाही, ती शेठच्या नंबरवरून आली तरी नाही, माझ्या नावानं आली तरी नाही. हा नियम मला निःशंकपणे सांगता येतो, कारण आता आम्ही स्वतः तो मोडत नाही.