सात-सोळाचा पाना

यंदाच्या श्रावणात आमच्या सोयाबीनवर औषध मारायला ड्रोन आला. तो चालवायला आली होती आमच्या बांधाला बांध असलेल्या घरची नातसून. बचत गटाने ते यंत्र घेतले होते आणि चालवण्याचे रीतसर शिक्षणही तिने घेतले होते. डोक्यावरचा पदर सावरत तिने धुऱ्यावर ते यंत्र मांडले, त्याचे हात उलगडले, एकेक पाते बोटाने फिरवून पाहिले. मी बाभळीच्या सावलीत बसून पाहत होतो. मला म्हणाली, "आबा, तुम्ही तर खरी इमानं चालवली म्हणं!"

"चालवली नाहीत बाई, पुसली," मी म्हणालो.

तिला ते पटले नाही. कुणालाच पटत नाही. मी पस्तीस-छत्तीस वर्षे महाराष्ट्रातल्याच एका फ्लाइंग क्लबात विमानांच्या दुरुस्तीवर काढली हे गावाला ठाऊक आहे. परंतु गावाच्या समजुतीप्रमाणे मी ढगांत होतो. वस्तुतः मी विमानाच्या पोटाखाली होतो. ढगांविषयी मला विचाराल तर एवढेच सांगेन, की दमट हवेत विमानाच्या कार्ब्युरेटरात बर्फ धरते, आणि तेही भर उन्हाळी देशात! पेट्रोलची वाफ होताना आतली हवा एकदम गार पडते आणि तिच्यातला ओलावा गोठून नळीचा गळा आवळतो. मग वैमानिकाने एक दांडी ओढून गरम हवा आत घ्यायची. नवशिक्या पोरांना हे सांगितले की ती हसत. वीस-पंचवीस अंश उष्णतेत कुठले बर्फ? पण एकदा अनुभव आला की हसणे बंद होई.

मी त्या क्लबात लागलो १९७२ साली. तेव्हा आमचे हिंगोली परभणी जिल्ह्यात होते. त्याचा वेगळा जिल्हा झाला तो १९९९ मध्ये. कयाधूच्या काठचे, कळमनुरीच्या बाजूचे आमचे गाव. वडिलांच्या विहिरीवर एक ऑइल इंजिन होते, आणि त्या इंजिनाचा पट्टा चढवता येतो, फूटव्हॉल्व्ह काढता येतो, एवढ्या भांडवलावर मला नोकरी मिळाली. क्लबात त्या वेळी 'पुष्पक' विमाने होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने बनवलेले हे दोन आसनांचे विमान पहिल्यांदा उडाले १९५८ मध्ये; पुढे तशी दीडशेच्या आसपास तयार झाली आणि देशभरच्या क्लबांतून पोरे त्यांच्यावरच शिकली. अंगावर कापड ताणून बसवलेले, इंजिन नव्वद अश्वशक्तीचे. पंखा हाताने फिरवूनच ते सुरू करायचे. चाकांखाली लाकडी ठोकळे लावायचे, आत बसलेल्याशी हाळी देऊन बोलायचे, आणि पंखा खाली खेचून त्याच झोकात मागे सरायचे. वडिलांच्या इंजिनाचे हॅण्डल मारणारा मी, मला ते लवकर जमले. पण साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "स्विच बंद असला तरी पंखा जिवंत समज."

याला कारण आहे. विमानाच्या इंजिनात ठिणगीसाठी बॅटरीवर विसंबत नाहीत. इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात, ते स्वतःच फिरून स्वतःची वीज करतात; प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे चार सिलिंडरांना आठ. बॅटरी मेली, तारा जळाल्या, तरी इंजिन चालू राहावे अशी ही योजना. स्विच मॅग्नेटोला चालू करीत नाही, गप्प करतो. आणि गप्प करणारी ती तार तुटली तर उभ्या विमानाचा पंखाही नुसता हात लागून फिरू शकतो. उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून फेरे किती उतरतात ते पाहतो. आमच्याकडे पुढे सेस्ना १५२ आले. त्यात सतराशे फेऱ्यांवर ही परीक्षा घ्यायची. उतार सव्वाशेच्या आत हवा आणि दोहोंतला फरक पन्नासाच्या आत.

एका इंजिनाच्या विमानाचे सगळे शास्त्र मला या दोन मॅग्नेटोंत दिसते. इंजिन एकच, म्हणून बाकी जे जे दोन करता येईल ते दोन केलेले. इंजिन थांबले तर विमान दगडासारखे पडत नाही, ही गोष्ट लोकांना सांगूनही खरी वाटत नाही. हजार फुटांवरून सेस्ना १५२ अडीच-पावणेतीन किलोमीटर तरंगत जाते. पण तेवढ्यात खालचे शेत निवडायचे असते, आणि शेतात विहीर असते, तारा असतात, माणसे असतात. तेव्हा तो प्रसंग वैमानिकावर येऊ नये म्हणून जमिनीवरच्या माणसाने जे करायचे ते माझे काम.

ते काम फार साधे. सकाळी टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या पेल्यात काढून पाहायचे. विमानाचे पेट्रोल निळसर असते; पाणी त्याच्या खाली थेंबाने बसते. रात्री अर्धवट रिकाम्या टाकीत दव धरते, म्हणून संध्याकाळीच टाक्या भरून ठेवायच्या. पन्नास तासांनी तेल बदलायचे, आणि काढलेल्या तेलाच्या जाळीत धातूचे कण चमकतात का ते पाहायचे. शंभर तासांनी प्लग काढून घासायचे, वरचे खाली आणि खालचे वर लावायचे. नट आवळला की तो सुटू नये म्हणून त्याला तार पिळून बांधायची. आणि जे केले ते वहीत लिहून खाली सही करायची. शेवटची सही लायसन्सवाल्या इंजिनियरची, म्हणजे आमच्या साहेबांची. पण हाताची निशाणी माझी.

या धंद्याला नाव नाही. राइट बंधूंची नावे शाळेतल्या पोराला ठाऊक असतात. पण १७ डिसेंबर १९०३ रोजी जे विमान बारा सेकंद उडाले, त्याचे बारा-एक अश्वशक्तीचे इंजिन चार्ल्स टेलर नावाच्या त्यांच्या कारागिराने सुमारे सहा आठवड्यांत केले होते. तो १९५६ मध्ये वारला, तोवर जग त्याला विसरूनही गेले होते. मला याचे दुःख नाही. ज्या दिवशी जग आमच्यासारख्यांची आठवण काढते त्या दिवशी बहुधा काहीतरी वाईट झालेले असते.

असा एक दिवस माझ्यावर येता येता टळला.

१९८८ चा जानेवारी. सकाळी मी एका सेस्नाचे तेल बदलले, काउलिंग म्हणजे इंजिनावरचे पत्र्याचे झाकण बसवले, वही लिहिली. साहेबांनी पाहून सही केली. एक विद्यार्थिनी एकटीच त्यात बसली आणि मैदानावरच घिरट्या घालायला वर गेली. मी हत्यारे आवरू लागलो. आमच्या पेटीत प्रत्येक पान्याची जागा ठरलेली. एक जागा रिकामी होती. ७/१६ चा पाना नव्हता.

वाचकहो, त्यानंतरची दहा मिनिटे मी काय केले ते सांगायला आजही जीभ जड होते. मी शोधले. खिसे पाहिले, गवत पाहिले, बाकाखाली पाहिले. आणि शोधता शोधता मनाशी हिशेब केला. पाना बाहेरच कुठे पडला असणार. उगाच बोभाटा केला तर विमान उतरवतील, पोरीचा तास जाईल, आणि सोळा वर्षे नोकरी केलेला माणूस पाना हरवतो म्हणून पोरे हसतील. डोक्यावरून विमान एकदा गेले. मी इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकला. ठीक होता. दुसऱ्यांदा गेले. ठीक होता. पण पाना काउलिंगमध्ये राहिला असेल, तर तो आवाज करीत नाही. थरथरत थरथरत सरकतो, आणि एखाद्या वेळी थ्रॉटलच्या दांडीत जाऊन बसतो. ती दांडी अडकेपर्यंत सगळे ठीकच असते.

तिसऱ्या घिरटीला मी साहेबांकडे गेलो.

त्यांनी एक शब्द न बोलता रेडिओवरून विमान खाली बोलावले. काउलिंग उघडले. आम्ही दोघांनी आरसा आणि बॅटरी घेऊन इंजिनाचा कोपरान् कोपरा पाहिला. पाना नव्हता. पोरगी हिरमुसून शेड्यात बसली होती. मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. साहेबांनी सकाळचे काढलेले तेल मागवले आणि ते काळे तेल दुसऱ्या बादलीत ओतायला लावले. तळाशी खण्ण झाले.

मी हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारले, "तुला कधी कळले?"

"दहा मिनिटांपूर्वी."

"पाना कुणाच्याही हातून पडतो," ते म्हणाले. "ती दहा मिनिटे कुठून आणलीस?"

एवढेच. त्यांनी वहीत सगळे लिहिले: हत्यार हरवल्याचे कळवले, विमान उतरवले, तपासले, हत्यार सापडले. दहा मिनिटांचा उल्लेख केला नाही. ती मलाच ठेवून घ्यायला दिली.

त्या महाशिवरात्रीला मी गावी आलो. औंढ्याला नागनाथाचे दर्शन करून परतलो तर घरी हळद शिजवण्याचा हंगाम. रात्री काहिलीखाली जाळ घालीत वडील आणि मी बसलो होतो. हळदीच्या वाफेचा तो वास, आणि आजूबाजूला काळोख. मी त्यांना हा प्रसंग सांगितला. त्यांना हसू येईल असे वाटले होते. ते जाळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू सांगितलंस तरी. म्या न्हाई सांगितलं."

बांधापलीकडचा शेजारी आमचे इंजिन मागून नेत असे. मी शाळेत होतो तेव्हा एकदा त्याच्या विहिरीवर इंजिनाची पुली सरकली, पट्टा उडाला आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. दैव, असे सगळे म्हणाले. तोही तेच म्हणाला.

"त्या पुलीचं नट म्या हातानंच आवळलं व्हतं," वडील म्हणाले. "पाना लांब पडला व्हता. उठायचा कंटाळा केला. म्हणलं, उद्या आवळू."

दर साली सुगीत वडील त्या घरी दोन पायल्या ज्वारी पाठवीत. आम्ही पोरे ती पोचवायला जायचो. मला वाटे, स्नेह आहे. त्या रात्री मला कळले की ते मोजून दिलेले माप होते, आणि ते कधीच पुरे होत नव्हते.

वडील गेले. ज्वारी मी चालू ठेवली. नोकरीच्या गावाहून सुगीला येत होतो, पोचवीत होतो. शेजारी तीन बोटांनी माप धरून घ्यायचा आणि "तुमच्या बापाची रीत राखली" म्हणायचा. पुढे तोही गेला. मी निवृत्त होऊन गावी राहायला आलो, हत्यारांची पेटी क्लबाला मोजून परत दिली, पान्याखाली पाना लिहून घेतला, सही केली. शेजाऱ्याला मात्र मी काही सांगितले नव्हते. दुसऱ्याच्या गुन्ह्याची कबुली आपण कशाला द्यावी, असा त्याचा अर्थ मी लावून ठेवला होता. साहेब असते तर त्यांनी विचारले असते, तुला कधी कळले? आणि मला सांगावे लागले असते, १९८८ साली.

ड्रोन शेताच्या टोकाला जाऊन वळत होता. नातसून त्याच्याकडे डोळे लावून उभी होती. यंत्र हवेत असताना चालवणाऱ्याशी बोलू नये, ही शिस्त माझ्या अंगात मुरलेली; म्हणून ते खाली उतरेपर्यंत मी थांबलो. मग बाभळीखाली बसून तिला सांगितले. तिच्या आजेसासऱ्याची दोन बोटे कशी गेली, आणि ज्वारी कशाची होती.

ती बराच वेळ बोलली नाही. औषधाची टाकी तिने पाण्याने खंगाळून काढली. मग म्हणाली, "आबा, त्यायला सांगाया पायजे व्हतं. ते मरेस्तोवर नशिबालाच बोल लावत गेले."

"खरे आहे," मी म्हणालो. आणखी काय म्हणणार?

तिने यंत्राचे हात मिटले, बॅटऱ्या खोक्यात ठेवल्या आणि टेम्पोकडे निघाली. निम्म्या वाटेवरून परत आली. गवतावर गोणपाट पसरून हत्यारांची पिशवी तिने त्यावर उपडी केली आणि एकेक उचलून मोजू लागली. मी मोजणीत बोललो नाही.