वाळल्या फांदीचा नाद

सोनपाठी सुतारपक्षी नजरेस पडण्याआधी कानावर पडतो. मिरजेच्या कृष्णाघाटाकडच्या जुन्या चिंचांमधून खिदळल्यासारखी कर्कश, घाईची लकेर येते. मग खोडावर नखांची खरखर. आपण डोकावलो की स्वारी सरकून पलीकडच्या अंगाला! पण पाठीवरचं सोनं लपत नाही. नराचा तुरा सगळाच लालभडक. मादीचं कपाळ काळं, त्यावर पांढरे ठिपके, लाली फक्त मागे.

शेपटीच्या ताठ पिसांचा टेकू घेऊन तो उभ्या खोडावर चढतो, थांबतो, ठोकतो. सालीखालच्या मुंग्या, अळ्या त्याची लांब, चिकट जीभ टिपून आणते. त्या जिभेला आधार देणारी हाडं कवटीला मागून वळसा घालून येतात.

मला मात्र ओढ आहे ती त्याच्या निवडीची. घर कोरायला त्याला कुजकं, मऊ पडलेलं लाकूड हवं. ताशासारखी चोच वाजवून हद्द सांगायची तर कोरडी, पोकळ फांदी. हिरव्यागार फांदीतून तो नाद निघत नाही.

हे मिरजेला कुणी शिकवायला नको. शस्त्रांना धार लावायच्या शिकलगारीतून आलेल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली, तेव्हापासून हे गाव वाळलेल्या भोपळ्यात आणि मुरलेल्या तुणीच्या लाकडात सूर शोधत आलं आहे. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा गावात झाडाची वाळकी फांदी दिसली की करवत निघावी, याचं मला फार वाईट वाटतं.

रस्त्यावर, तारांवर कोसळणारी फांदी उतरवायलाच हवी. पण ओढ्याकाठच्या, बांधावरच्या, मोकळ्या आवारातल्या वठलेल्या खोडाचा कुणाला त्रास आहे? सुताराने पिल्लं वाढवून सोडलेल्या ढोलीत पुढे साळुंकी येते, पोपट येतो, पिंगळा येतो. त्यांना अशी ढोली सहसा स्वतः कोरता येत नाही. फांदी छाटायला माणूस बोलावलात, तर आधी खोडाभोवती एक फेरी मारा आणि वर बघा. बोटभर रुंदीहून मोठं, गोल, कडा नीट कोरलेलं भोक दिसलं, तर तेवढं खोड राहू द्या.