बाय-टू

1977 सालची चैत्री पौर्णिमा. मी आठ वर्षांची, आजोबांचं बोट धरून बंगळूरच्या कब्बनपेठेतल्या एका ओट्यावर उभी. धर्मरायस्वामींच्या देवळातून करग निघायलाच मध्यरात्र उलटते. आमच्या गल्लीत यायला पहाट होते. तोवर सगळी पेठ जागी. बायकांच्या वेण्यांतला मोगरा, उंबऱ्याउंबऱ्यावर नुकतीच काढलेली रांगोळी, खांद्यावर झोपलेली पोरं. मग 'गोविंदा, गोविंदा' असा गजर उठला, उघड्या तलवारी घेतलेले वीरकुमार आले आणि त्यांच्यामधून स्त्रीवेशातला पुजारी. डोक्यावर करग, म्हणजे फुलांचा उंच मनोरा, त्याला हाताचा आधार नाही, आणि पावलं जवळजवळ धावती. मी डोळे फाडून बघेपर्यंत तो पुढे गेलासुद्धा. मस्तानसाहेबांच्या दर्ग्यात करग थांबतो, हे आजोबांनी त्याच रात्री सांगितलं. त्यात काही वेगळं आहे असं त्यांच्या बोलण्यात नव्हतं.

गर्दी पांगल्यावर ते मला कोपऱ्यावरच्या हॉटेलात घेऊन गेले आणि म्हणाले, "ओंदु बाय-टू."

घरी मला फक्त दूध मिळायचं. इथे हॉटेलवाल्याने काळंभोर डिकॉक्शन, उकळतं दूध आणि साखर एका भांड्यात घेतली, हातभर उंचीवरून दोनदा खालीवर केली आणि फेसासकट दोन छोट्या ग्लासांत ओतली. आजोबांनी ते ग्लास शेजारीशेजारी ठेवले. शिंप्याची नजर त्यांची, कापड बेतावं तशी त्यांनी कॉफीची पातळी पाहिली आणि आपल्या ग्लासातली थोडी माझ्यात घातली. कडेला स्टीलची वाटी होती तिच्यात माझा ग्लास उभा केला, बोटं भाजू नयेत म्हणून. माझी पहिली कॉफी ती.

बाय-टू म्हणजे एका कॉफीचे दोन ग्लास. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सांगितलं की ते म्हणतात, "म्हणजे आमचं कटिंगच की." मला ते पटत नाही. कटिंग माणूस एकटा पितो. कामाच्या घाईत, घोटभर. बाय-टू मागायला दुसरं माणूस लागतं. आणि दोन अर्ध्या मिळून एकीपेक्षा थोडी जास्तच भरते, हे इथल्या कुठल्याही कॉफीवाल्याकडे उभं राहून बघा. दोघांनाही कमी पडू नये म्हणून त्याचा हात आपोआप सैल सुटतो.

1537 मध्ये केंपेगौडांनी वसवलेलं हे गाव 1638 नंतर शहाजीराजांची जहागीर झालं. आपले पूर्वज त्या काळात इकडे आले, असं आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगतात. आमच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की कुठला शब्द कुणाचा, ते मला पुष्कळदा सांगता येत नाही.

कॉलेजात असताना बाय-टूचा पत्ता महात्मा गांधी रस्त्यावरचं इंडिया कॉफी हाऊस हा होता. देशातली कॉफी कामगारांची पहिली सहकारी सोसायटी 1957 साली याच शहरात उभी राहिली. वाढप्यांच्या चालण्यातला मालकीचा डौल मला त्याच्याशी जुळणारा वाटे. पांढरा गणवेश, फेटा, कमरेला रुंद पट्टा. मी आणि माझी मैत्रीण दुपारी दोनला एक कॉफी अर्धी-अर्धी करून बसायचो, ते साडेचारपर्यंत. कुणी उठवलं नाही. तिचं लग्न तिच्या मनाविरुद्ध ठरल्याचं तिने मला तिथेच सांगितलं. कॉफीवर साय धरली, तरी आम्ही दोघींनी ग्लास उचलले नाहीत. 2009 मध्ये ती जागा गेली आणि कॉफी हाऊस चर्च स्ट्रीटवर आलं. मी तिथेही जाते, पण ते टेबल डोळ्यांपुढून हलत नाही.

नव्वदच्या दशकात आमचं शहर पबचं शहर म्हणून देशभर गाजू लागलं. चर्च स्ट्रीट, ब्रिगेड रोड, धुराने भरलेल्या खोल्यांत जोरात वाजणारं रॉक. मीही गेले, आवडलंही. पण त्या रात्रींतलं मनात राहिलंय ते सगळं बंद झाल्यावरचं. सायकलच्या मागे फ्लास्क बांधलेला कॉफीवाला फुटपाथच्या कडेला उभा, आणि त्याच्याभोवती पबमधून बाहेर पडलेली पोरं, पाळी संपवून निघालेले पहारेकरी, रिक्षावाले. करगाच्या रात्रीची पेठ मला तिथे पुन्हा दिसायची.

मी जपानी शिकले आणि दुभाषी झाले. किर्लोस्कर या आपल्या मराठी नावाला टोयोटाची जोड मिळून बिडदीला कारखाना झाला, 2000 साली त्यातली क्वालिस रस्त्यावर आली आणि शहरात जपानी माणसं दिसू लागली. अशाच एका वयस्क इंजिनिअरसोबत मी एका दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्याने खायच्या हॉटेलात, थांबले होते. त्यांनी विचारलं, शेजारचे दोघं काय मागताहेत? मी लांबलचक समजावलं. ते क्षणभर थांबले आणि एकच शब्द बोलले, "हान्बुन्को."

हा लहान मुलांचा शब्द. भावंडं बिस्किट मोडून घेतात, तेव्हा म्हणतात तो. साठीच्या माणसाच्या तोंडून तो आला तेव्हा त्यांचा आवाजच बदलला होता. इतकी वर्षं मी दोन भाषांमध्ये शब्द पोचवते आहे. एवढा चपखल बसलेला शब्द मला दुसरा आठवत नाही.

पुढे कामानिमित्त क्योटोला गेले, तेव्हा त्यांनी सुचवलेल्या इनोदा कॉफीत मुद्दाम गेले. 1940 पासूनचं हे नाव. तिथली जुन्या पद्धतीची कॉफी दूध आणि साखर घालूनच येते. सांगतात की गिऱ्हाइकं बोलण्यात इतकी रंगायची की कॉफी निवायची आणि मग साखर विरघळायची नाही, म्हणून ही पद्धत पडली. पहिल्या घोटाला मला घरी आल्यासारखं वाटलं. पण मी एकटी होते आणि कप पूर्ण होता. रात्री पोन्तोचोच्या बोळातून हिंडले. दोन माणसं अंग चोरून जातील एवढाच तो रुंद, कंदील लावलेला, दारांआडून हसण्याचे आवाज. तिथून कामो नदीवर उतरले. काठावर जोडपी बसली होती, एकमेकांपासून मोजून ठेवावं तितक्या सारख्या अंतरावर. त्यांतल्या दोघांत कॉफीचा एकच डबा होता आणि तो इकडून तिकडे, तिकडून इकडे जात होता.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. ती आणि बाबा रोज सकाळी फिरून येताना कोपऱ्यावरच्या दर्शिनीत बाय-टू घेत. चाळीस वर्षांची सवय. ती गेल्यावरही बाबा तिथे जातात, हे मला माहीत होतं. ते काय मागतात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

गेल्या महिन्यात त्यांच्याबरोबर गेले. काउंटरपाशी एक रिक्षावाला त्यांची वाट बघत उभा होता. बाबांना पाहून त्याने हात वर केला. मला कळलं, दुसरा ग्लास तीन वर्षं कुणाचा आहे ते. बाबा मात्र घुटमळले. हातात पैसे, एकदा माझ्याकडे बघत, एकदा त्याच्याकडे.

मीच पुढे झाले आणि म्हणाले, "ओंदु बाय-थ्री कोडि."

कॉफीवाल्याने मान वर केली नाही. तीन ग्लास मांडले, हात उंच नेला आणि ओतलं.