कोरडी सुई

पायांत बाभळीचा काटा मोडला तर तो दुसऱ्या काट्यानें काढावा, हें आपल्या जिल्ह्यांतील मुलांस शिकवावें लागत नाहीं. म्हणूनच कीं काय, दुखऱ्या पोटरींत सुई टोचून दुखणें हलकें करितात हें ऐकून आमच्या विद्यार्थ्यांस फारसें नवल वाटलें नाहीं. पालकांस मात्र वाटलें. डागणें, तुंबडी लावणें हे उपाय त्यांनीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले. हाही त्यांतलाच प्रकार असावा अशी त्यांस शंका. शंका रास्त आहे, म्हणून आम्हीं जें पाहिलें तें लिहितों.

यवतमाळ, दारव्हा, घाटंजी, कोठल्याही सडकेनें पहांटे निघावें. पोलीसभरतीची तयारी करणारीं मुलें-मुली धांवतांना दिसतात. मुलांस १६०० मीटर, मुलींस ८००. पावसाळ्यांत काळी माती पायास चिकटते, म्हणून सारीं डांबरावर येतात. जाहिरात निघाली कीं काल एक मैल धांवणारा आज पांच मैल धांवूं लागतो. रोजच्या ताणांतून सांवरावयास हाडांस व स्नायूंस जो अवधि लागतो तो त्यांस मिळत नाहीं. मग नडगीची आंतली कड दुखते, टाचेमागील कंडरा ताठरते, सकाळीं अंथरुणांतून उतरतां पहिल्याच पावलास तळवा ठणकतो.

आमचा एक माजी विद्यार्थी असाच लंगडूं लागला. त्याचे वडील कापूस पिकविणारे शेतकरी; त्यांच्या आग्रहावरून आम्हीही त्यांच्यासोबत फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत गेलों. तेथील बाईंनीं पोटरी बोटांनीं चांचपली. आंत दोरीसारखा ताठ पट्टा आणि त्यांत एक गांठ सांपडली. जागा स्वच्छ पुसून त्यांनीं नवी सुई आंत सारली. ती जेमतेम पाव मिलिमीटर जाड आणि भरीव. तिच्यांतून औषध जात नाहीं, म्हणून ती ‘कोरडी’. सुई गांठीस पोंचतांच स्नायु मासोळीसारखा फडफडला. मुलगा दचकला, मग हंसला.

ही चिनी सूचिचिकित्सा नव्हे. सुई तीच, परंतु ती कोठें टोचावयाची हें स्नायूंतील गांठीवरून ठरतें. अमेरिकेंत डॉ. जेनेट ट्रॅव्हेल, ज्या पुढें राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य झाल्या, अशा गांठींत बधिर करणारें औषध टोंचीत. १९७९ सालीं कॅरेल लेविट या चेक वैद्यानें असें मांडलें कीं, गुण येतो तो बराचसा सुईमुळेंच. गांठ नेमकी कशी सुटते यावर जाणत्यांत अद्याप एकमत नाहीं. कांहीं आठवडे आराम पडतो असें अनेकांस आढळलें आहे. तो पुढें टिकतोच असें कोणी छातीठोक सांगत नाहीं. आणि छातीजवळ अजाण हातानें सुई गेली तर फुफ्फुसास भोंक पडूं शकतें. गांवोगांवच्या हौशी उपचारकांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें!

दुसऱ्या खेपेस पोटरी पुष्कळच मोकळी झाली होती. बाईंनीं मग नडगीच्या हाडावरून अंगठा दाबीत नेला, आणि एका रुपयाएवढ्या जागेवर मुलगा कळवळला. तेथें सुई घालण्यास त्यांनीं साफ नकार दिला.

“टोचून टाका न जी तिथंही, भरती महिन्यावर आली,” वडील म्हणाले.

बाई म्हणाल्या, हाडास बारीक तडा असेल तर वेदना हीच त्याची राखणदार; तिला निजवून मुलास धांवडविलें तर तडा वाढेल. क्ष-किरणांचें चित्र काढलें, तें निर्दोष निघालें. वडिलांचा चेहरा उजळला. परंतु असा तडा पहिल्या आठवड्यांत पुष्कळदां चित्रांत उमटतच नाहीं, असें सांगून बाईंनीं सहा आठवडे धांवणें बंद केलें. परततांना एस्. टी. मध्यें बापलेक एकमेकांशीं एक शब्दही बोलले नाहींत. त्या वर्षींची भरती त्याच्यावांचून पार पडली.

हल्लीं तो दिवसाआड धांवतो, मधल्या दिवशीं वडिलांबरोबर शेतावर जातो. पोटरी बळकट व्हावी म्हणून बांधावर उभा राहून टांचा उचलतो, आणि धाकटी बहीण मोठ्यानें आंकडे मोजते.