पहिली मोटारसायकल आणि चाळीसगावचा टांगा



गेल्या मार्चमध्ये आम्हा दोघा बहीणभावांचं लायसन्स एकाच आठवड्यात पोस्टाने घरी आलं. दोघांचंही गियरच्या मोटारसायकलचं. शिकाऊ लायसन्स काढून 30 दिवस थांबलो, आरटीओच्या ट्रॅकवर पाय न टेकता आठचा आकडा काढला आणि पास झालो. आमच्या घरात त्याआधी कोणाकडेच मोटारसायकल नव्हती. आजोबांची सायकल, मग पप्पांची सायकल, मग कंपनीची बस. त्यामुळे कोणती गाडी घ्यायची यावर घरात तीन आठवडे वाद झाला. असा वाद आपल्या अनेक घरांत होतो आणि बऱ्याचदा चुकीच्या बाजूने सुटतो, असं आम्हाला वाटतं. म्हणून हा लेख.

पप्पांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "घ्यायची तर बुलेट घ्या." कारणही सांगितलं. आजोबा गावात सायकल चालवायचे, पण मोठ्या वाड्यापुढे आले की खाली उतरायचे आणि सायकल हातात धरून चालत जायचे. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, तरी तो सगळ्यांना पाठ होता. दांडीवर बसलेल्या पप्पांनाही उतरावं लागायचं. "त्याच रस्त्याने माझी पोरं आवाज करत गेली पाहिजेत," पप्पा म्हणाले. यावर आम्ही लगेच काय बोलणार?

हे दुखणं जुन्या काळाचं आहे, असंही म्हणता येत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये तामिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात एका दलित महाविद्यालयीन तरुणाच्या हातांवर वार झाले. तो बुलेट चालवतो या रागातून हल्ला झाला, असा त्याच्या कुटुंबाचा आरोप आहे. तेव्हा बुलेट चालवण्याचा आपला हक्क कोणी नाकारत असेल तर त्याच्याशी लढलंच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण एखाद्या गोष्टीचा हक्क असणं आणि लायसन्स मिळाल्याबरोबर तीच गोष्ट घेणं शहाणपणाचं असणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण त्यांची गल्लत करतो, आणि ती गल्लत महागात पडते.

ही गल्लत बाबासाहेबांनी स्वतःच्या अनुभवातून दाखवून दिलेली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. त्यातला चाळीसगावचा प्रसंग आठवा. साल 1929. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीवर बाबासाहेब होते. धुळ्याकडचं काम आटोपून परतताना ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवर आलेल्या आपल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला. महारवाडा चालत जाण्याच्या अंतरावर होता, पण एवढ्या मोठ्या पाहुण्याला पायी न्यायचं त्यांना बरं वाटेना. टांगेवाले मात्र अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. शेवटी टांगा मिळाला, पण टांगेवाला मिळाला नाही. मग आपल्यातलाच एकजण हाकायला बसला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीपाशी टांगा आदळला, बाबासाहेब बाहेर दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत पडले.

या अपघाताचं मूळ टांगेवाल्यांच्या जातीयतेत आहे, हे उघडच आहे. पण बाबासाहेब तिथे थांबत नाहीत. आपली प्रतिष्ठा जपण्यासाठी आपल्याच माणसांनी आपला जीव धोक्यात घातला, हेही ते स्पष्टपणे नोंदवतात. बसणाऱ्याचा जीव मोठा की मान मोठा, याचा विचार त्या लोकांनी केला नाही. त्यांचं प्रेम खरं होतं, मानाची भूकही खरी होती. हात मात्र तयार नव्हता.

आम्ही हा उतारा पप्पांना वाचून दाखवला. ते गप्प झाले, पण मान्य काही केलं नाही. त्यांचा मुद्दा असा की टांगा हाकणाऱ्याला येत नव्हतं, तुमच्याकडे तर लायसन्स आहे. मग आम्ही स्वतःचीच परीक्षा घ्यायचं ठरवलं.

मित्राची साडेतीनशे सीसीची गाडी घेऊन रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर गेलो. सरळ जाताना मजा आली. वळून परत येताना थोडा उतार होता. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला गेला, पाय टेकवायला गेलो तर फक्त चवडा टेकला आणि गाडी हळूच कलली. एकदा कलली ती कललीच. वेग जवळजवळ शून्य होता, तरी आमच्यातल्या एकाचा घोटा आठ दिवस सुजलेला होता. गाडी दोघांनी मिळून उचलली. तिचा काहीच दोष नव्हता. आठचा आकडा काढता येणं म्हणजे गाडी येणं नव्हे, एवढंच त्या दिवशी कळलं.

त्यानंतर आम्ही कागद घेऊन बसलो. क्लासिक 350 चं वजन 195 किलो, स्प्लेंडरचं सुमारे 112 किलो. म्हणजे ऐंशी किलोहून जास्त फरक, मागे एक जाडजूड माणूस बसवल्यासारखा. नवशिक्याची गाडी पडते ती बहुतेक वेळा हळू चालताना, वळवताना, पार्किंगमधून काढताना. म्हणून पहिली कसोटी अशी ठरवली, की सीटवर बसल्यावर दोन्ही पाय नीट टेकले पाहिजेत आणि बंद गाडी एकट्याने मागे ढकलता आली पाहिजे. ही कसोटी दोघांनीही पार करायची, कारण गाडी दोघांची होती. बहिणीची उंची पाच फूट एक इंच. "ती स्कूटी घेईल ना," असं एका शोरूमवाल्याने आम्हाला न विचारताच सांगितलं. आम्ही तिथून उठलो.

दुसरी कसोटी ब्रेकची. गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो, आणि नवशिका घाबरून मागचाच दाबतो किंवा पुढचा एकदम आवळतो. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. जोरात ब्रेक दाबला तरी ते चाक लॉक होऊ देत नाही. त्याच नियमात 125 पर्यंतच्या गाड्यांना निदान सीबीएस ठरवून दिलं होतं, म्हणजे पायाचा एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. एबीएससाठी दीडशे-एकशेसाठची गाडी घ्यावी का, यावर आम्ही दोन रात्री भांडलो. ज्याला उंची, वजन आणि पैसा झेपतो त्याने जरूर घ्यावी. आम्हाला झेपत नव्हती. आम्ही पुढे डिस्क ब्रेक असलेल्या 125 वर थांबलो.

तिसरी कसोटी हप्त्याची. शोरूममध्ये सांगितलं, "फक्त दहा टक्के व्याज." आम्ही विचारलं, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? उत्तर मिळालं, फ्लॅट. आता हिशेब बघा. 1,80,000 रुपयांचं कर्ज, तीन वर्षं, फ्लॅट 10 टक्के. व्याज झालं 54,000 आणि महिन्याचा हप्ता 6,500. आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर लावलेलं असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर जवळपास 18 टक्के पडतो. साडेसहा हजारांचा हप्ता म्हणजे आमच्या घरात बहिणीचा एमपीएससीचा क्लास बंद. ज्या समाजाला शिक्षणाचा मंत्र मिळाला, त्या समाजाने क्लास बंद करून सायलेन्सरचा आवाज विकत घ्यायचा का?

जुनी गाडी घ्यावी, असाही आमचा विचार होता. शिकताना पडली तरी जीव हळहळत नाही. पण पप्पा म्हणाले, "आयुष्यभर लोकांचं वापरलेलंच वापरलं. एक वस्तू तरी कोरी येऊ द्या." या वाक्यापुढे आमचा हिशेब थांबला. मानाची किंमत शून्य धरणारा हिशेबही खोटाच असतो. कोरी 125 घेतली. बरेचसे पैसे रोख भरले आणि उरलेले 40,000 पप्पांच्या कंपनीतल्या पतपेढीतून घटत्या शिलकीवर काढले. तुम्ही जुनी घेणार असाल तर खुशाल घ्या, पण आरसी लगेच आपल्या नावावर करा आणि आधीच्या कर्जाचा बोजा उतरला आहे का ते आरसीवर तपासा.

गाडी घेताना आणखी दोन गोष्टी सोडू नका. नव्या दुचाकीबरोबर हेल्मेट देणं केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कंपनीवर बंधनकारक आहे. ते मागून घ्या, आणि मागे बसणाऱ्यासाठी आयएसआय मार्कचं दुसरं विकत घ्या. विम्याचे कागद वाचा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण त्यात आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान येत नाही. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा वेगळा असतो आणि त्यासाठी वैध लायसन्स लागतं. म्हणून मित्राला "दे ना एक राउंड" म्हणून बिनलायसन्सची गाडी चालवायला देऊ नका.

हे सगळं कंटाळवाणं वाटत असेल तर एक आकडा लक्षात ठेवा. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं मेली आणि त्यांतली 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. आपल्या घरांत पहिला पदवीधर, पहिला कमावता आणि पहिली गाडी चालवणारा हा बहुतेकदा एकच पोरगा असतो किंवा एकच पोरगी असते. तो किंवा ती गेली तर घर दोन पिढ्या मागे जातं.

मे महिन्यात आम्ही गावी गेलो. ट्रिपल सीट बसायचं नाही हे ठरलेलं होतं, म्हणून भाऊ एसटीने गेला आणि बहीण पप्पांना मागे बसवून गाडीवर. वाड्यापुढचा रस्ता आता सिमेंटचा आहे. गाडी तिथून चाळीसच्या वेगाने गेली. कोणी उतरलं नाही, कोणी हॉर्नही वाजवला नाही. घरी पोचल्यावर पप्पांनी हेल्मेट काढलं आणि शेजारच्या आत्याबाईंना तीनदा सांगितलं, "पोरीने आणलं."

पप्पा अजूनही म्हणतात, पुढची बुलेट. आम्ही नाही म्हणत नाही. हात तयार होईल, पतपेढी फिटेल, बहिणीची परीक्षा होईल, तेव्हा बघू. हक्क कुठे पळून जात नाही. तोवर, लायसन्स नुकतंच हातात आलेल्या आपल्या भावाबहिणींना एवढंच सांगणं आहे, की शोरूममध्ये शिरताना लोक काय म्हणतील हा प्रश्न दाराबाहेर ठेवा आणि चाळीसगावचा टांगा आठवा. पाय टेकतात का, ब्रेक लागतो का, हप्ता झेपतो का, हे आधी विचारा. रंग आणि आवाज नंतर.

जय भीम.