ऐन वेळी

‘ऐन वेळी’ हे दोन शब्द मराठी भाषेने फजितीसाठी राखून ठेवलेले आहेत. ऐन वेळी विहीण रुसते, ऐन वेळी गॅस संपतो, ऐन वेळी पोरगं पाहुण्यांसमोर कविता विसरतं. ऐन वेळी सगळं सुरळीत पार पडलं, असं कुणी म्हटल्याचं निदान आमच्या वर्ध्यात तरी ऐकिवात नाही.

अमेरिकेत ह्या दोन शब्दांवर एक अख्खा खेळ चालतो. बेसबॉल. आपले गडी धाव काढायला तळांवर ताटकळत उभे असतात आणि दांडूवाला नेमका तेव्हाच हात हलवत परत येतो. मग गावच्या गाव त्या संघाला वर्षभर शिव्या घालतं. हे ऐकून आमचे शेजारचे काकाजी म्हणाले, “मंजे तिकडंबी विदर्भाची टीम हाये मना ना!”

काकाजींचं दुःख जुनं आहे. विदर्भ रणजी करंडकात उतरला 1957-58 साली. पुढची कित्येक वर्षं आपण मोठ्या संघांना विजयाचा सराव देत आलो. काकाजींचा सिद्धांत असा, की आपल्या मातीतच ऐन वेळ नाही. पुरावा म्हणून ते पऱ्हाटीकडे बोट दाखवतात. पेरणीला आभाळ कोरडं, आणि बोंडं फुटून वेचणीला आली की धो धो! पावसालाच जिथे वेळ साधत नाही, तिथे फलंदाजाला काय साधणार? ह्यावर हसायचं, पण हसणाऱ्याच्या घरी शेती नसावी.

आणि मग 2017 च्या डिसेंबरात कोलकात्याला उपांत्य सामना झाला. कर्नाटकाला 198 धावा हव्या होत्या. गुरबानीने 7 बळी घेतले आणि त्यांचा डाव 192 वर आटोपला. आपण 5 धावांनी जिंकलो! इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याच गुरबानीची हॅटट्रिक, आणि अक्षय वाडकरने प्रथम श्रेणीतलं पहिलं शतक ठोकायला नेमका हाच सामना निवडला. दिल्ली हरली. साठ वर्षांनी करंडक आला. पुढच्या वर्षी पुन्हा आला, तोही जामठ्याला. हे स्टेडियम नागपूरचं म्हणतात, पण आहे वर्धा रोडवर. म्हणून त्या करंडकात निम्मा वाटा आम्ही धरूनच चालतो.

काकाजी मात्र बधले नाहीत. “थांब जरासा,” म्हणाले. 2024 च्या मार्चात मुंबईविरुद्ध अंतिम सामन्यात 538 धावांचं लक्ष्य होतं. शेवटच्या दिवशी 5 बाद 353! वाडकरचं शतक झालेलं. आणि उरलेले पाच गडी 15 धावांत तंबूत. काकाजींच्या चेहऱ्यावर त्या दिवशी दुःख होतं, पण सिद्धांत खरा ठरल्याचं समाधानही लपत नव्हतं.

वर्षभराने केरळविरुद्ध अंतिम सामन्यात आपली अवस्था 3 बाद 24. काकाजींनी टीव्ही बंद केला. इकडे दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी दोनशेच्या वर भागीदारी केली, मालेवारने 153 काढल्या, आणि 37 धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भात आला. कर्णधार पुन्हा वाडकरच! आता हा माणूस ऐन वेळचा म्हणायचा की नाही?

हाच प्रश्न 1977 साली डिक क्रेमर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने आकडे मांडून सोडवू पाहिला. ओळीने दोन हंगाम तपासले. एका वर्षी मोक्याला तळपलेले पुढच्या वर्षीही तळपतीलच, असं काही त्याला सापडलं नाही. तिकडे ह्यावर अजून वाद घालतात. मला त्यातली दुसरी बाजू आवडली. मोक्याला तळपणं जर कपाळावर लिहिलेलं नसेल, तर मोक्याला कोसळणंही नसेलच की!

हे मी काकाजींना मुद्दाम त्यांच्या नातवासमोर सांगितलं. पोरगा दहावीला आहे आणि हल्ली “आपल्याच्यानं ऐन टायमाले होत नाही” असं आजोबांच्याच सुरात म्हणू लागला आहे. शेत वारशाने यावं, ठीक. हे वाक्य कशाला?

काकाजी बराच वेळ गप्प बसले. मग नातवाला म्हणाले, “जाय, अभ्यास कर. आउट झाला तं झाला, पुढच्या डावात पाहू. पन बॅटिंगले उतरल्याबिगर काऊन रडतं बे?”